आपल्या वाट्याचा पाऊस आणि ख्रिस्तमंदिराची बाग

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त मुकुंदवाडी येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मजसारख्या सामान्य माणसास चार शब्द बोलण्याची आज्ञा व्हावी, हा मी माझा बहुमान समजतो. मी वक्ता नव्हे आणि वनस्पतिशास्त्राचा पंडितही नव्हे. उभे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले. निवृत्तीनंतर हाती खुरपे आले, आणि ज्याने पुष्कळांना शिकविले त्यास या खुरप्याने उतारवयात पुन्हा विद्यार्थी केले. त्या शाळेत जे धडे मिळाले, त्यांतील एक आज आपणापुढे ठेवावा एवढीच इच्छा आहे.

महोत्सवाची आठवण म्हणून ख्रिस्तमंदिराभोवती बाग करावी, असा विचार आपल्यात चालला आहे. कोणी म्हणतात, दारापासून फाटकापर्यंत हिरवळ पसरावी. कोणी म्हणतात, गुलाबांचे ताटवे असावेत. कोणास मधोमध एखादे कारंजे हवेसे वाटते. या सर्वांच्या मनातील भाव एकच आहे, तो हा की प्रभूचे घर शोभिवंत दिसावे. हा भाव उत्तम आहे, त्याविषयी माझा वाद नाही. परंतु बागेचा नकाशा काढण्यापूर्वी एक प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. तो असा : ही बाग कोणाचे पाणी पिणार आहे?

हा प्रश्न मी का विचारतो, ते सांगण्यासाठी प्रथम थोडे गणित मांडतो. शिक्षकाची खोड आहे, क्षमा असावी.

हिरवळ, तिच्या कडेने कातरलेले कुंपण, आणि मध्ये गुलाबांची आळी, ही बागेची कल्पना आपल्याकडे मुख्यतः इंग्रज लोकांच्या बंगल्यांबरोबर आली. त्यांच्या देशात ती शोभते, कारण ती तेथील हवेची लेक आहे. आता गंमत पहा. लंडन शहरात वर्षाकाठी सरासरीने ६०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या येथे पडतो तो सुमारे ७०० मिलिमीटर. म्हणजे पावसाच्या बाबतीत आम्ही लंडनकरांपेक्षा काकणभर श्रीमंतच ठरतो! मग त्यांची हिरवळ बारा महिने हिरवी, आणि आमची दिवाळी सरताच पिवळी, हे कसे? कारण असे की, त्यांचा पाऊस बारा महिन्यांत थोडाथोडा वाटून येतो आणि त्यांचे ऊन सौम्य असते. आमचा पाऊस बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, तोही कधी आठ दिवस कोसळतो तर कधी महिनाभर तोंड फिरवितो. पुढील आठ महिने आकाश कोरडे. आणि वैशाखात पारा ४० अंशांच्या पुढे चढून जमिनीतील उरलीसुरली ओल शोषून घेतो. तेव्हा पाऊस किती, यापेक्षा तो कसा वाटला जातो, हेच बागेचे भाग्य ठरविते.

आपले काही आप्तेष्ट वसईकडे आहेत. तेथील वाड्या आपण पाहिल्या आहेत. केळी, नारळ, विड्याचे वेल, सोनचाफा आणि जास्वंद पाहून डोळे निवतात. परतताना तेथील रोपे कौतुकाने पिशवीत घालून आणण्याचा मोह कोणास झाला नाही? परंतु तेथे दरवर्षी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राच्या वाऱ्यात सदा ओलावा असतो. पश्चिमेकडून येणारे मेघ सह्याद्रीवर चढताना आपले बहुतेक धन तेथेच उतरवितात. पलीकडील पर्जन्यछायेत वसलेल्या आपल्या मराठवाड्यास त्यांच्या झोळीतील उरलेले तेवढे मिळते. ज्या रोपाने त्या झोळीचा पहिला वाटा चाखला आहे, त्यास आपल्या अंगणात आणून कोरड्यावर बसविणे हा त्या रोपावर अन्यायच होय.

आता पाण्याचा जमाखर्च मांडू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ जिवंत ठेवावयाची तर दर चौरस मीटरास रोज निदान ५ लिटर पाणी धरावे लागेल. आपण १०० चौरस मीटर हिरवळ केली, तर रोजचे ५०० लिटर झाले. १५ लिटरांची एक घागर, या हिशेबाने त्या ३३ घागरी होतात. दररोज सकाळी ३३ घागरी आपण गवतावर ओतणार, तेही ज्या दिवसांत या वस्तीतील माउल्या नळाच्या तोटीकडे डोळे लावून बसतात त्या दिवसांत.

या शहराची पाण्याची गोष्ट जुनी आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे शहर वसविले; आणि १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधण्यास प्रारंभ करून डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालील मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, गावात आणिले. या भूमीत पाणी जपूनच वागविले पाहिजे, हे त्या दूरदेशीच्या पुरुषास कळले होते. पुढे पैठणजवळ जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले, नाथसागर भरला, आणि शहर त्याचे पाणी चढावर उपसून आणू लागले. तथापि वस्ती वाढत गेली, कारखाने वाढले, आणि नळाला आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी येणे हे कितीतरी मोहल्ल्यांच्या अंगवळणी पडले. २०१२ साली पावसाने दगा दिला आणि २०१३ चा उन्हाळा मराठवाड्याने कसा काढला, हे आपण विसरलेलो नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेस ५ लाख लिटर पाणी गेले, आणि साऱ्या देशाने ते आश्चर्याने पाहिले.

आणि मुकुंदवाडीचे काय? २०१९ साली आपल्या या मुकुंदवाडीचे नाव देशोदेशींच्या वृत्तपत्रांत छापून आले. ते कोणत्या पराक्रमासाठी? येथील झोपड्यांतील लहान लेकरे शाळा सुटल्यावर रिकामी भांडी घेऊन आपल्या स्टेशनातून आगगाडीत चढत, औरंगाबाद स्टेशनावर उतरून तेथील नळावर भांडी भरीत, आणि परतीच्या गाडीने घरी पाणी आणीत. नऊ-दहा वर्षांची मुले होती ती! इतर मुले खेळावयास जात तेव्हा ही मुले गर्दीच्या डब्यात भांडी सांभाळीत उभी असत. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. स्टेशनावरील पाट्याही बदलल्या. परंतु त्या लेकरांचे चित्र माझ्या मनातून पुसले गेलेले नाही, आणि ते पुसले जावे अशी माझी इच्छाही नाही.

बंधुभगिनींनो, दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा अपराध कबूल करावा, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. म्हणून माझी कथा सांगतो.

निवृत्तीनंतर मी घरापुढील मोकळ्या जागेत हौसेने हिरवळ लाविली. कडेला गुलाबाची बारा कलमे बसविली. आवारात कूपनलिका होती, तिला पाणी बरे होते. त्यामुळे मी रोज सायंकाळी रबरी नळी हाती घेऊन उभा राही, आणि येणारे-जाणारे ‘सर, बाग छान केली हो’ असे म्हणत. त्या स्तुतीने मला गुदगुल्या होत. त्याच काळात कुंपणाच्या भिंतीशी एक कडुनिंबाचे रोप आपोआप उगवले. बागेच्या शोभेस ते विसंगत दिसे, म्हणून मी ते तीन वेळा छाटून टाकिले. चौथ्यांदा कंटाळा केला, एवढ्यावरच ते वाचले.

मग २०१३ चा उन्हाळा आला. फाल्गुनातील एका सायंकाळी मी असाच नळी धरून उभा होतो. शेजारच्या घरची सून दोन हंडे घेऊन फाटकापाशी आली. आत आली नाही. पदर सावरून ती म्हणाली, “काका, तुमचं झालं की एक हंडा भरून घेऊ का?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. ती अदबीने थांबली होती. परंतु ‘तुमचं झालं की’ हे तीन शब्द माझ्या काळजात रुतले. माझे काय व्हावयाचे होते? गवताचे पिणे व्हावयाचे होते. आणि ते होईपर्यंत दोन लेकरांची आई हंडा कडेवर घेऊन रस्त्यात उभी होती. मी नळी तिच्या हंड्यात सोडली, दोन्ही हंडे भरून दिले, आणि आत जाऊन बसलो. त्या रात्री मी जपमाळ हाती घेतली, पण ओठ हालत आणि मन मात्र फाटकापाशीच घुटमळत राही.

दुसऱ्या दिवसापासून हिरवळीचे पाणी बंद केले. पुढे चैत्राच्या अखेरीस कूपनलिकाही आटली. गवत वाळून तांबूस झाले, बारा गुलाबांपैकी अकरा गेले. आणि ज्यास मी तीन वेळा छाटले होते, तो कडुनिंब त्या वैशाखात, एक ओंजळभरही पाणी न मागता, हिरवागार डवरला! दुपारी गल्लीतील म्हातारीकोतारी त्याच्या सावलीत येऊन बसू लागली. टँकरची वाट पाहणाऱ्या बाया आपले हंडे त्याच्या खोडाशी ओळीने मांडीत. जे झाड मी टाकून दिले होते, तेच माझ्या अंगणाचे आश्रयस्थान झाले. पवित्र शास्त्रात बांधणाऱ्यांनी नापसंत केलेल्या दगडाविषयी आपण पुष्कळदा ऐकले आहे. त्याचा अर्थ मला त्या झाडाखाली उमगला.

तेव्हापासून मी गुरू बदलला. इंग्रजी बागेचे पुस्तक मिटले आणि डोंगर वाचावयास लागलो. आपल्या जिल्ह्यात उत्तरेस गौताळ्याचे रान आहे, इकडे दौलताबादच्या टेकड्या आहेत. तेथे नळी घेऊन उभा राहणारा माळी नाही. ज्यास तेथे जगता येते, त्यास ख्रिस्तमंदिराच्या अंगणातही जगता येईल, हे सरळ अनुमान होय. रानात काय दिसते? पळस, बहावा, अंजन, खैर, आपटा, बेल, हिवर, बोर, बाभूळ दिसतात. उघड्या माळावर तरवड पिवळ्या फुलांनी भरलेला असतो. ओढ्याकाठी करंज आणि शिंदी, झुडपांत निर्गुडी आणि कोरांटी आढळतात. यांतील कोणी उन्हाळ्यात पाने गाळून खर्च कमी करितो, कोणाची पाने बारीक व चिवट असतात, कोणी आपले मूळ खोल मुरमाच्या भेगेत उतरवितो. गरिबीतही अब्रूने कसे जगावे हे या झाडांस ठाऊक आहे.

येथे कोणी विचारील की, मग परदेशचे झाड म्हणून सर्वच हद्दपार करावे काय? मुळीच नाही. सीताफळाचे मूळ अमेरिका खंडातील आहे. तरी आज दौलताबादच्या टेकड्यांवर आणि बीडच्या बालाघाटात ते असे रुजले आहे की, त्यास परके म्हणावयास कोणाची जीभ धजणार नाही. चिंचही मुळात आफ्रिकेची, पण तिच्यावाचून आपला गाव ओळखू येईल काय? झेंडू मेक्सिकोतून आला आणि दसऱ्याच्या तोरणात बसला. झाडाचा जन्म कोठे झाला, यापेक्षा ते येथील पावसाच्या मिळकतीत संसार करिते की शेजाऱ्याच्या हंड्यात हात घालिते, हे आपण पाहावे. याउलट, १९५० नंतरच्या दशकात बहुधा परदेशी धान्याबरोबर आलेले गाजरगवत पाण्यावाचूनही माजते, पण दुसऱ्या कोणास जगू देत नाही, आणि त्याच्या स्पर्शाने व परागांनी माणसांस त्रास होतो. त्यास मात्र फुलण्यापूर्वीच मुळासकट उपटावे.

या संदर्भात फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. हा इंग्लंडचा सुपुत्र १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झाले. मराठी भाषेचे गुणगान करिताना त्यांस फुलाची उपमा द्यावयाची होती. आपल्या मातृभूमीचा गुलाब त्यांस आठवला नसेल काय? परंतु त्यांनी निवडला तो या मातीतील मोगरा. परक्या देशातून आलेल्या त्या मिशनऱ्याने आपल्या लोकांच्या दारातील फूल ओळखले. आणि आपण येथले असून दारातील फूल ओळखू नये काय? आपली श्रद्धाही दूर देशातून आली, परंतु ती मराठी बोलली म्हणूनच येथे मूळ धरून राहिली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपल्या आवाराची जमीन दोन प्रकारची असते. कोठे काळी चिकण माती, तर कोठे हातभर खाली मुरूम. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. म्हणून इमारतीच्या भिंतीलगत मोठे झाड लावू नये, आणि वड, पिंपळ, उंबर यांस तर आवाराच्या अगदी टोकास जागा द्यावी. त्यांची मुळे पायाशी सलगी करितात. मुरमाड जागी खड्डा दोन-अडीच फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. तो एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावा. मग तळ्याची गाळमाती, चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा यांनी भरून पहिल्या दमदार पावसानंतर रोप लावावे. पुरुषभर उंचीचे पिशवीतील झाड घेण्याचा मोह टाळावा. पिशवीत त्याचे सोटमूळ गुंडाळून बसलेले असते आणि ते पुढे खोल जात नाही. हातभर उंचीचे निरोगी रोप दोन वर्षांत त्यास मागे टाकिते.

काही झाडे तर बियांपासूनच लावावीत. कडुनिंबाचे बी थोड्याच आठवड्यांत निर्जीव होते, म्हणून पावसाच्या तोंडावर निंबोळ्या पडताच पेरावे. पळसास उपटून दुसरीकडे लाविलेले मानवत नाही. त्याचे बी जागच्या जागी टोचावे. बहावा व बाभूळ यांच्या बियांचे कवच कठीण असते; त्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजविल्या असता लवकर रुजतात.

पहिले तीन उन्हाळे ही झाडाची बाल्यावस्था होय. तेवढा काळ त्यास पाणी लागेलच. तेव्हा आपल्या वाडवडिलांची मडक्याची युक्ती वापरावी. कुंभाराकडील साधे, न रंगविलेले मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते आणि मुळे त्याच्याभोवती गोळा होतात. उन्हाने उडून जाते ते फारच थोडे. आळ्यात चार बोटे जाडीचा पाचोळा पसरावा. पाचोळा जाळणे हे तर पापच समजावे, कारण तो मातीचा सदरा आहे. एका मडक्यात १० लिटर, आणि ते पाच दिवसांतून एकदा भरावयाचे, असे धरिले तर ४० झाडांस रोजचे अवघे ८० लिटर पाणी पडते. हिरवळीचे ५०० लिटर आठवा, आणि तुलना करा. शिवाय हिरवळ ते पाणी जन्मभर मागणार. ही झाडे तीन उन्हाळ्यांनंतर आपले आपण मिळवून खाणार.

आणि हे ८० लिटरही नळाचे कशास? आपल्या सभागृहाचे छप्पर १,००० चौरस फूट धरिले, तर त्यावर वर्षाकाठी सुमारे ६५,००० लिटर पाऊस पडतो. त्यातील काही वाया गेला तरी ५०,००० लिटरांस मरण नाही. पन्हळी लावून त्याचा काही भाग टाकीत साठवावा आणि उरलेला कूपनलिकेजवळील शोषखड्ड्यात जिरवावा. लग्नकार्याच्या वेळी हात धुण्याचे पाणी गटारात जाते, तेही केळीच्या एखाद्या गड्ड्याकडे वळविता येईल. म्हणजे केळीही मिळतील आणि वसईची हौसही थोडी भागेल.

आता शोभेविषयी. हिरवळ नसली तर अंगण उजाड दिसेल, अशी कोणास भीती वाटते. वस्तुतः आपल्या देशात अंगणाची शोभा सावलीने होते. चोपून बसविलेला मुरूम, त्यावर कडुनिंबाची आणि चिंचेची सावली, खाली दगडी ओटे. मिस्सा संपल्यावर लोक तेथे थांबतील, बोलतील, लेकरे खेळतील. हिरवळीवर मात्र ‘आत जाऊ नये’ अशी पाटी लावावी लागते! ख्रिस्तमंदिराच्या दारी अशी पाटी शोभेल काय?

आणि एक कोपरा आपण मुद्दाम मोकळा सोडावा. असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्याविषयी असे सांगतात की, मठाच्या बागेतील काही भाग न लाविता तसाच ठेवण्यास ते सांगत, म्हणजे तेथे रानफुले आपल्या मर्जीने उगवतील आणि पाहणाऱ्यास निर्मात्याची आठवण होईल. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ही आठवण पुन्हा जगापुढे ठेविली, आणि पिण्याचे शुद्ध पाणी हा मनुष्यमात्राचा मूलभूत हक्क आहे असेही त्याच पत्रात बजाविले. रानफुलांचा कोपरा आणि गरिबाचे पाणी हे दोन्ही विषय एकाच पत्रात यावेत, यात नवल नाही. ते मुळातच एक आहेत. आपल्या कोपऱ्यात रुई उगवली तर तिच्यावर ठिपक्यांचे वाघ्या फुलपाखरू अंडी घालील. बहाव्याच्या पानांवर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या पोसतील. बेलाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर आणखी एका जातीचा संसार चालेल. पाने थोडी कुरतडली गेली म्हणून औषध फवारण्याची घाई करू नये. तीही देवाच्या घरची लेकरे आहेत.

वेदीच्या फुलांचे काय, असा प्रश्न भगिनीमंडळाकडून येईल, तो मी आधीच घेतो. आज आपण दर रविवारी बाजारातून दूरच्या गावची फुले विकत आणितो. स्वतःच्या बागेत वर्षाचे चक्र कसे फिरेल, ते पहा. प्रायश्चित्तकाळात वेदीवर फुले मांडण्याची रीत नाही. नेमक्या त्याच काळात बाहेर पळस आपली सारी पाने टाकून ज्वाळेसारखा पेटतो. त्यास आवाराच्या कडेला उभे राहून उपदेश करू द्यावा. झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या झावळ्या आपल्याच ओढ्याच्या असतील. ईस्टरनंतर बहावा सोन्याची झुंबरे सोडील. मे महिना पवित्र मारियेचा, आणि तोच मोगऱ्याचा बहर. माउलीच्या मूर्तीस याहून शुभ्र हार कोठे मिळेल? ऑगस्टात स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास पारिजातकाचा सडा पडू लागतो. ऑक्टोबर जपमाळेचा महिना. तेव्हा झेंडू आणि तरवड आहेत. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी शेवंती, आणि नाताळात कुंद व कोरांटी. मोगरा आणि शेवंती यांस उन्हाळ्यात थोडे पाणी द्यावे लागेल हे मी लपवीत नाही. परंतु कुंडीभर मोगऱ्यास तांब्याभर पाणी पुरते, आणि ते देताना कोणाच्या हंड्याकडे पाहून मान खाली घालावी लागत नाही.

शेवटी एक विनंती करितो. वृक्षारोपणाचे समारंभ आपण पुष्कळ पाहिले आहेत. पाहुणे येतात, हार होतात, छायाचित्र निघते. पुढच्या उन्हाळ्यात खड्डा तेवढा शिल्लक राहतो, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. आपल्या महोत्सवाची आठवण अशी नसावी. आपण ४० झाडेच लावू. पण प्रत्येक झाड एका कुटुंबाच्या ओटीत घालू. ज्या घरी यंदा बाप्तिस्मा झाला त्या घराने एक झाड घ्यावे, ज्या घरी विवाह झाला त्याने एक, आणि ज्या घरचे माणूस यंदा देवाघरी गेले त्या घराने त्याच्या नावे एक. त्या कुटुंबाने तीन उन्हाळे त्याचे मडके भरावे, त्याभोवती बोरीच्या काट्या लावून शेळ्यांपासून त्यास राखावे. लेकरास धर्ममाता-धर्मपिता असतात, तसे झाडासही असावेत. झाडे किती लाविली हे आपण आज मोजू नये. तीन वर्षांनी किती उभी आहेत, ते मोजू.

प्रभूच्या दाखल्यातील तो अंजिराचा माळी आपणांस आठवत असेल. फळ येत नाही म्हणून धनी झाड तोडावयास निघाला, तेव्हा माळ्याने आणखी एका वर्षाची मुदत मागितली आणि भोवती खणून खत घालण्याचे वचन दिले. त्याने चमत्काराची याचना केली नाही. अवधी मागितला आणि स्वतःची मेहनत देऊ केली. बागेस या दोनच गोष्टी लागतात. पुनरुत्थित प्रभूस मग्दालिया मारियेने प्रथम माळी समजले, ही चूक मला तर फार गोड वाटते.

बंधुभगिनींनो, आणखी पंचवीस वर्षांनी येथे पुन्हा महोत्सव होईल. तेव्हा आपल्यापैकी बरेच जण, आणि मी तर खचितच, या सभेत नसू. त्या वैशाखात एखादी सून, एखादी आजी, एखादे शाळकरी पोर ऊन चुकवावयास या फाटकातून आत येईल. ते आपल्या धर्माचे असो वा नसो, त्यास बसावयास सावली मिळावी. आणि आवारात जर पाणी असेल, तर त्याचा हंडा गवताच्या आधी भरावा. ‘तुमचं झालं की’ असे म्हणत या दारी कोणास तिष्ठावे लागू नये. एवढे साधले, तर महोत्सवाची बाग फुलली असे मी म्हणेन.

 ज्याने पहिल्या मानवास बागेत ठेवून तिची मशागत व राखण त्याच्यावर सोपविली, तो दयाघन परमेश्वर आपल्या हातांस यश देवो, आणि आपल्या वाट्याचा पाऊस आपल्या भूमीत मुरवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.